उद्या भुसावळहून निघायचे आहे
आज दुपारी आईने धाकट्या बहिणीला ओट्यावर बसवून तिचे केस स्वतःच्या हाताने कापले आणि कमरेपर्यंतची ती वेणी सुती रुमालात गुंडाळून देव्हाऱ्याखाली ठेवली. केमोथेरपीने केस जाणारच आहेत, ते उशीवर पुंजक्यांनी गळताना पाहण्यापेक्षा घरीच कापावेत, हा निर्णय बहिणीचाच.

उद्या तिच्या मूळपेशी प्रत्यारोपणासाठी, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरातील रक्त बनवणाऱ्या पेशी तिला देण्यासाठी, मुंबईला निघायचे आहे. त्यासाठी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. माझ्या जुळल्या नाहीत, ही खंत माझ्या मनातून जात नाही. दात्यांच्या नोंदणीतून मात्र एक अनोळखी तरुण दाता मिळाला. तो चार-पाच दिवस इंजेक्शने घेईल, मग काही तास यंत्राजवळ बसून राहील. एका हातातून रक्त यंत्रात जाईल, त्यातील मूळपेशी वेगळ्या काढल्या जातील आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत त्याच्या शरीरात सोडले जाईल. तोपर्यंत तीव्र औषधांनी बहिणीची स्वतःची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गर, नष्ट केलेली असेल, म्हणजे त्यानंतर त्याने माघार घेतली तर तिचा जीवच धोक्यात येईल. हे सारे समजून त्याने होकार दिला आहे, आणि आम्हाला त्याचे नावही सांगितलेले नाही.

बहिणीचा रक्तगट ओ, दात्याचा बी. प्रत्यारोपण यशस्वी झाले की हळूहळू तिचाही बी होईल. हे ऐकून आई म्हणाली, "मग तो माझाच मुलगा झाला." आणि ती भाकरीसाठी कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ बांधायला स्वयंपाकघरात गेली.