नऊशे रुपयांचा फरक

१८ जून, रात्री साडेदहा

उद्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाचा अर्ज द्यायचा आहे आणि त्यातील मुख्य विषयाच्या रकान्यात एकच नाव लिहिता येते. मार्केटिंग, बँकिंग आणि लेखाकर्म हे तीन पर्याय समोर ठेवून आठ दिवस तो रकाना मी मोकळाच सोडला होता. आज जेवणानंतर त्यात ‘लेखाकर्म’ असे लिहिले.

आकड्यांची आवड होती म्हणून लिहिले, असे म्हणणे खोटे ठरेल. बारावीला ‘घेणाऱ्याला नावे, देणाऱ्याला जमा’ हे नियम मी आरतीसारखे पाठ केले होते आणि अर्थ न विचारताच गुण मिळवले होते. त्या पाठांतराची किंमत सीए होण्यासाठीच्या पहिल्या परीक्षेत, म्हणजे फाउंडेशनला, मोजावी लागली. प्रत्येक पेपरात चाळीस टक्के आणि चार पेपर मिळून पन्नास टक्के, अशी तिथली अट आहे. माझे चारही पेपर सुटले, पण ४०० पैकी बेरीज १९१ झाली. नऊ गुणांनी राहिल्यावर दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नव्हते.

मग मे महिन्यात सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजींच्या हाताखाली महिनाभर बसले. दुकानात संगणकावर हिशेब ठेवायला टॅली आहे, पण दिवाणजी रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या नोंदी, अजूनही लाल वहीत लिहितात आणि संध्याकाळी वहीतील शिल्लक गल्ल्याशी ताडून पाहिल्याशिवाय उठत नाहीत. एका संध्याकाळी वहीतील शिल्लक गल्ल्यापेक्षा नऊशे रुपयांनी जास्त निघाली. गल्ल्यातले पैसे कोणी घेतले असतील, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. त्याची आता लाज वाटते, कारण दिवाणजींच्या मनात माणसांचा विचार आलाच नाही. ते एवढेच म्हणाले, “फरकाला नवानं भाग जातोय का बघ आधी.” भाग गेला आणि उत्तर शंभर आले. अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने नेहमी भाग जातो, आणि इथे भागाकार शंभर आला म्हणजे बहुधा हजाराच्या व शतकाच्या घरातील अंक उलटे पडले असून त्या दोन अंकांत फरक एकाचाच आहे, एवढे त्यांनी बोटाने हिशेबाच्या कागदावर दाखवले. त्यानंतर दिवसभराची व्हाउचरे चाळायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत. हमालीचे व्हाउचर ५,४८० रुपयांचे होते आणि वहीत ४,५८० लिहिले होते, माझ्याच अक्षरात.

त्या दहा मिनिटांत जो आनंद झाला, तो बारावीच्या गुणांनी दिला नव्हता.

चुलतभाऊ म्हणतो की हे सगळे काम दहा वर्षांत संगणक करील. नोंदी तो आजही करतो, हे मला मान्य आहे. परंतु त्याच दुकानात वजनकाट्याच्या दुरुस्तीचा खर्च काट्याच्याच मालमत्ता खात्याला टाकला गेला होता. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाक्यांचा ताळा, पैशापैशाने जुळत होती, पण तो खर्च नफ्यातून वजाच न झाल्याने नफा मात्र तेवढ्याने फुगलेला होता. चुकीच्या खात्यावर योग्य रक्कम टाकली तर तेरीज कधीच तक्रार करीत नाही. ती दुरुस्ती आहे की नवी वस्तू, हे काटा पाहिलेल्या माणसाला विचारावेच लागते. आता अशा चुका पकडायला पगार किती मिळेल, हा भावाचा पुढचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. दर महिन्याच्या २० तारखेच्या आत जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्यासाठी यार्डातील लहान दुकानेही माणूस शोधत असतात, इतके मी पाहिले आहे. फाउंडेशनला पुन्हा बसणार आहे. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, पूर्वी तीन वर्षांची असे, आता दोन वर्षांची आहे. तेवढे विद्यावेतनावर काढता येईल, असे वाटते.

आप्पांना अर्ज दाखवला तेव्हा त्यांनी ‘का’ असे विचारले नाही. ते आत गेले आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून या हंगामातील हळदीची पट्टी, म्हणजे अडत्याने दिलेला विक्रीचा हिशेब, घेऊन आले. त्यांच्या मते अडत्याने त्यांना कुठेतरी फसवले होते. वजन ७ क्विंटल २० किलो, दर १२,५०० रुपये, म्हणजे ९०,०००. त्यातून हमाली आणि तोलाई वजा. मी तीनदा हिशेब केला. पट्टी बरोबर निघाली.

आप्पांचा थोडा विरस झालेला दिसला. “मग गेल्या सालची बघ,” असे म्हणून ते पुन्हा डबा धुंडाळायला आत गेले आहेत.