खुनी पहिल्या पाच मिनिटांतच कळतो, मग पुन्हा पुन्हा काय पाहता?

विमा कंपनीच्या क्लेम्स विभागात एकतीस वर्षे काढून मी निवृत्त झालो, आणि तेव्हापासून ‘डबल इन्डेम्निटी’ हा १९४४ सालचा कृष्णधवल चित्रपट वर्षातून दोनदा तरी पाहतो. घरी आलेल्या पाहुण्यांनाही पाहायला लावतो, त्यामुळे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझ्या पुतण्याने तो सर्वांत स्पष्ट शब्दांत विचारला: “काका, खुनी कोण, का मारले, हाती काय लागले, सगळे तो पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकतो. मग तुम्ही पुन्हा पुन्हा पाहता तरी काय?”

प्रश्न रास्त आहे. वॉल्टर नेफ हा विमा एजंट खांद्यात गोळी घेऊन रात्री लॉस एंजेलिसमधल्या आपल्या कचेरीत येतो, डिक्टाफोनसमोर, म्हणजे आवाज नोंदवणाऱ्या यंत्रासमोर, बसतो आणि बार्टन कीज या क्लेम्स पाहणाऱ्या आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यासाठी कबुलीजबाब नोंदवू लागतो. पैशासाठी आणि एका बाईसाठी आपण खून केला, पण पैसाही मिळाला नाही आणि बाईही मिळाली नाही, असे तो तिथेच सांगतो. डिट्रिक्सन नावाच्या गृहस्थाच्या नकळत त्याची पन्नास हजार डॉलरची अपघात पॉलिसी काढायची, त्याच्या बायकोच्या, फिलिसच्या मदतीने त्याला मारायचे आणि तो धावत्या आगगाडीतून पडला असे भासवायचे, हा बेत. रेल्वेतल्या अपघाती मृत्यूला भरपाई दुप्पट, म्हणजेच ‘डबल इन्डेम्निटी’, म्हणून आगगाडी. आपल्याकडे पॉलिसीला ‘डबल ॲक्सिडेंट बेनिफिट’ जोडून घेणाऱ्यांना ही भानगड वेगळी समजावून सांगायला नको.

तर मी पाहतो ती माणसे. पडद्यावरची आणि श्रेयनामावलीतली, दोन्ही. रहस्य आधीच उघड झाल्यामुळे नजर कारागिरीकडे जायला मोकळी होते, आणि या चित्रपटाच्या कारागिरीचा इतिहास असा की यातल्या बहुतेकांना हे काम नको होते.

मुळात गोष्टच कोणाला नको होती. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ स्नायडर नावाच्या स्त्रीने आपल्या प्रियकराच्या साथीने नवऱ्याचा खून केला होता. नवऱ्याच्या नावावर दुप्पट भरपाईच्या कलमाची पॉलिसी होती. पुढल्या जानेवारीत दोघांनाही विजेच्या खुर्चीवर देहदंड झाला. त्या प्रकरणाची छाया असलेली जेम्स केन यांची लघुकादंबरी १९३६ साली साप्ताहिकात क्रमशः आली, पण चित्रपटांच्या नीतिनियमांचे रखवालदार जोसेफ ब्रीन यांनी ती पडद्यावर येण्याजोगी नाही असे स्टुडिओंना आधीच कळवून टाकले होते. पॅरामाउंट स्टुडिओसाठी दिग्दर्शक बिली वाइल्डर यांनी ती उचलली, तेव्हा त्यांचे नेहमीचे सहलेखक चार्ल्स ब्रॅकेट यांनीही ती किळसवाणी ठरवून अंग काढून घेतले. केन दुसऱ्या स्टुडिओत गुंतलेले होते. मग सहनिर्माते जोसेफ सिस्ट्रॉम यांनी गुप्तहेरकथा लिहिणारे रेमंड चँडलर यांचे नाव पुढे केले.

ही जोडी म्हणजे विळ्या-भोपळ्याचे सख्य. चँडलर पन्नाशी ओलांडलेले, इंग्लंडच्या शाळेत वाढलेले, एका तेल कंपनीतली मोठी नोकरी गमावल्यावर लिहू लागलेले. पटकथा त्यांनी कधी लिहिलेली नव्हती. वाइल्डर त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान, व्हिएन्ना आणि बर्लिनमध्ये पत्रकारिता केलेले, हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली जर्मनी सोडलेले. वाइल्डर खोलीत हॅट घालून येरझाऱ्या घालतात, हातातली छडी नाकासमोर नाचवतात, मैत्रिणींशी फोनवर बोलत बसतात, अशी लेखी तक्रार चँडलर यांनी स्टुडिओकडे केली. तक्रार वाचताना मला आमच्या विभागातली दोन टेबले आठवतात, पण ते असो. चँडलर यांनी एक गोष्ट मात्र अचूक हेरली: केन यांचे संवाद डोळ्यांनी वाचायला झकास असले, तरी नटांच्या तोंडी बसत नाहीत. नट बोलावून ते संवाद मोठ्याने म्हणवून घेतले गेले आणि म्हणणे पटले. मग नवे संवाद लिहिले गेले, आणि आज लोकांच्या तोंडी असतात ते हेच. याच चँडलर यांचे दर्शन सोळाव्या मिनिटाच्या आसपास घडते. कीजच्या खोलीबाहेर एक चष्मेवाले गृहस्थ वाचत बसलेले असतात, नेफ त्यांच्यापुढून निघून जातो. हे स्वतः पटकथालेखक आहेत हे जगाच्या ध्यानात यायला २००९ साल उजाडले.

नटांचीही तीच कथा. नेफची भूमिका बऱ्याच जणांनी नाकारली. जॉर्ज राफ्ट यांना शेवटी नायक पोलिसांचा माणूस निघेल तरच रस होता, असे वाइल्डर सांगत. फ्रेड मॅकमरे त्या काळी हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटांतले हसतमुख नायक, पूर्वाश्रमीचे सॅक्सोफोनवादक. हे आपल्याला जमणार नाही असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले होते. माझ्या मते या चित्रपटातली सर्वांत धाडसी निवड हीच. पॉलिसी विकणारा माणूस खलनायकासारखा दिसून चालत नाही, तो जावई म्हणून पसंत पडावा असाच दिसावा लागतो. बार्बरा स्टॅनविक यांनाही उघड खुनी स्त्री साकारताना भीती वाटत होती. तेव्हा तुम्ही उंदीर आहात की अभिनेत्री, असे वाइल्डर यांनी विचारल्याचे त्या सांगत. प्रत्यक्ष खुनाच्या वेळी कॅमेरा नवऱ्याकडे वळतच नाही. शेजारच्या आसनावर त्याला मारले जात असताना आपल्याला फक्त गाडी चालवणारी फिलिस दिसते, समोर बघणारी, ओठांच्या कडेला जेमतेम समाधान. दाखवलेल्या कुठल्याही खुनापेक्षा तो चेहरा भीषण आहे.

कीज साकारणाऱ्या एडवर्ड जी. रॉबिन्सन यांचे नाव मात्र मी पहिले घेतो, आणि त्यात माझा व्यवसायाचा स्वार्थ आहे. गुंडांच्या भूमिकांनी गाजलेला हा नट पहिल्यांदाच तिसऱ्या क्रमांकाची भूमिका घ्यायला कचरत होता. पुढे आपले वय आणि तेवढ्याच मानधनात कमी दिवसांचे काम यांचा हिशेब त्यांनी घातला. क्लेम्समधला माणूस इतक्या खरेपणाने रंगवलेला मी दुसरा पाहिलेला नाही. सुरुवातीला स्वतःचाच ट्रक जाळून दावा ठोकणारा एक ट्रकवाला कीजपुढे बसतो. कीज त्याला वाट्टेल ते बोलतो, दावा सोडल्याच्या कागदावर सही घेतो आणि जाताना दाराची मूठ कशी फिरवायची तेही ऐकवतो. फॉर्तुनियो बोनानोवा या मूळच्या ऑपेरागायकाने तो ट्रकवाला असा केला आहे, की लबाड असूनही त्याची दया येते. माझ्या टेबलापुढेही असाच एक जळालेला टेम्पो आला होता. मालकाची बोटे सही करताना थरथरत होती आणि टेम्पोतला टेपरेकॉर्डर मात्र आदल्या दिवशीच काढून घरी नेलेला होता. त्या दुपारी मीही कीजसारखाच बोललो. आज तसा बोललो नसतो.

आणि आत्महत्येच्या कोष्टकांचे ते भाषण! कंपनीचा अध्यक्ष ही आत्महत्या असल्याचे ठासून सांगतो, तेव्हा रॉबिन्सन एका दमात वर्ण, व्यवसाय, ऋतू, दिवसाचा प्रहर, विषाचे प्रकार, उडी मारण्याचे प्रकार अशी सारी वर्गवारी म्हणून दाखवतात आणि निष्कर्षावर येतात: पंधरा मैल वेगाने चाललेल्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून कोणी जीव दिल्याची नोंदच नाही. रुक्ष आकडेवारी पाठ असलेला माणूस ती मंत्रासारखी म्हणतो तेव्हा तिला नाद येतो, हे बाहेरच्या लोकांना सांगून पटत नाही. इथे ते ऐकू येते.

छायाचित्रकार जॉन साइट्झ मूकपटांच्या काळापासूनचे मुरलेले गडी. फिलिस ही गृहकृत्यदक्ष बाई नव्हे, हे वाइल्डर यांना एकही संवाद न घालता दाखवायचे होते. बाहेर लॉस एंजेलिसचे लख्ख ऊन आणि आत कोंदट दिवाणखाना. साइट्झ यांनी ॲल्युमिनियमचे बारीक कण हवेत उडवले. खिडकीच्या पट्ट्यांतून येणाऱ्या तिरिपेत ते तरंगतात आणि कित्येक दिवस झाडू न लागलेल्या घराचा वास आपल्यापर्यंत पोचतो. त्याच पट्ट्यांच्या सावल्या नेफच्या कोटावर गजांसारख्या पडतात. पुढे अशा सावल्यांचा इतका रतीब घातला गेला की त्यांचा कंटाळा यावा, पण इथे त्या अजून ताज्या आहेत. नेफच्या घराचे दार मात्र सरळ सरळ चुकीचे आहे: ते बाहेर, बोळात उघडते. तसे नसते तर कीज निघताना फिलिसला त्या दारामागे लपता आले नसते. वाइल्डर यांना हे पुरते ठाऊक होते, आणि श्वास रोखून बसलेल्या प्रेक्षकाला बिजागऱ्या दिसत नाहीत, हेही.

प्रेत रुळांवर टाकून दोघे मोटारीत बसतात आणि मोटार सुरूच होत नाही, हा प्रसंग सुचला तोही अपघातानेच. वाइल्डर जेवायला निघाले होते आणि त्यांची स्वतःची गाडी सुरू होईना. ते तसेच धावत सेटवर परतले. मॅकमरे किल्ली फिरवत होते आणि वाइल्डर “अजून लांबव” म्हणत होते, इतके की हे एवढे ताणले जाणार नाही असे नट ओरडला. ताणले गेले, आणि बरोबर ठरले. आपण खुन्यांची गाडी सुरू व्हावी म्हणून मनातल्या मनात देवाचे नाव घेत असतो.

मिक्लोश रोझा यांचे संगीत स्टुडिओच्या संगीतप्रमुखांना कर्कश वाटले होते; कुबड्यांवर चालत येणाऱ्या सावलीमागची ती सुरुवातीची अंत्ययात्रेची चाल ऐकून आपणच ठरवावे. ईडिथ हेड यांची वेशभूषा उत्तम, फिलिसच्या पायातली साखळी तर कथेचेच एक पात्र. स्टॅनविक यांचा तो सोनेरी टोप मात्र वादग्रस्त आहे. तो पाहून स्टुडिओच्या एका बड्या अधिकाऱ्याला जॉर्ज वॉशिंग्टन आठवले होते. मला तो खोटा दिसतो म्हणूनच चालतो.

सर्वांत महाग निर्णय कात्रीचा. नेफला विषारी वायूच्या कोठडीत देहदंड होतो आणि कीज तो पाहतो, असा शेवट हुबेहूब सेट उभारून, सुमारे दीड लाख डॉलर घालवून चित्रित झाला होता. वाइल्डर यांनी तो काढून टाकला, कारण कचेरीच्या दारात कोसळलेला नेफ आणि शेजारी टेकलेला कीज, एवढ्यात सारे येऊन गेले होते. चित्रपटभर कीजकडे काडी कधीच नसते आणि नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याचा सिगार पेटवत आलेला असतो. शेवटी नेफला स्वतःची सिगारेट पेटवता येत नाही आणि काडी कीज ओढतो. सात ऑस्कर नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही.

हे सगळे मी पुतण्याला सांगितले, नंतर दोघांनी मिळून चित्रपट पुन्हा पाहिला. अर्ध्या वाटेवर त्याने रिमोट उचलून चित्र थांबवले. “काका, नेफ अविवाहित आहे ना? मग बोटात ही लग्नाची अंगठी कोणाची?” ती फ्रेड मॅकमरे यांची, काढायची राहून गेलेली. एकतीस वर्षे लोकांच्या खोट्या कागदांवर नजर ठेवणाऱ्या मला ती तोवर एकदाही दिसलेली नव्हती.