हातकागद, तांबडी माती आणि वर्ख: आतापर्यंतचं काम

पावसाळ्यात चित्रावर सोन्याचा वर्ख लावायला घ्यायचा नाही, असं आम्ही फोंड्याकडची मंडळी धरूनच चालतो. यंदा मी थांबले नाही. दमट हवेतही वर्ख छान बसतो, पण सगळा जीव खालच्या थरात ओतावा लागतो.

कागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा, जाड, कडा तशाच ठेवलेल्या. असा कागद पाणी फार पितो. वर्खाचा साइझ, म्हणजे वर्ख चिकटवायचा द्रव, थेट लावला तर तो आत मुरतो आणि सोनं ठिपक्याठिपक्यांनी धरतं. म्हणून कागदाची पूर्ण पाठ प्लायवर चिकटवली, वरून कोमट जिलेटिनचे दोन पातळ हात दिले. मग जिलेटिनमध्येच कालवलेल्या खडूच्या पुडीचे थर, प्रत्येक थर वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासून. प्लाय हवाच, नुसत्या कागदावर हा थर वाकताच तडकतो.

आता खरी गंमत. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलची सोनेरी वेदी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. युरोपातल्या वर्खकामात सोन्याखाली बोल नावाची तांबडी चिकणमाती देण्याची जुनी रीत आहे. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि आपल्या जांभ्याच्या मातीचाही तोच. मग विकतचा बोल कशाला? परसातली माती बादलीत ढवळली, खडे-रेती तळाशी बसू दिली, वरचं गढूळ पाणी मलमलीतून दुसऱ्या भांड्यात ओतलं. हेच पुन्हा पुन्हा. शेवटी तळाशी जो साका राहिला, तो चिमटीत चोळला तर टाल्कम पावडरीसारखा लागत होता. कण हाताला लागला तर वर्खावर दिसणारच, त्यामुळे इथे घाई नको.

हा तांबडा साका खडूच्या थरावर चढवला, आणि त्यावर साइझ. बाटलीवर छापलेल्या वेळेवर पावसाळ्यात विसंबू नका. पाण्याचा साइझ दुधाळ असतो, तो पारदर्शक झाला की बोटाच्या पेराची मागची बाजू टेकवायची. बोटाला काही लागत नाही, पण उचलताना हलकासा टक् आवाज येतो, तीच वेळ. पंखा बंद करून वर्ख ठेवायचा, मऊ ब्रशने दाबायचा. उरलेले कपटे डबीत जपायचे, फटी भरायला लागतात.

सरावाला मी पितळी वर्ख वापरते. तो तांबं-जस्ताचा, आपल्या खाऱ्या हवेत काळवंडतो, त्यामुळे वर शेलॅक, म्हणजे लाखेचं वॉर्निश, हवाच. २४ कॅरटला त्याची गरज नाही. पण सोन्याचं पान साधारण ०.१ मायक्रॉन जाड, खालचा प्रत्येक ओरखडा त्यातून दिसतो.

कावी या गोवा-कोकणातल्या भिंतीवरच्या कलेत तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना दाखवतात. माझ्या या तुकड्यात तेच केलं: तांबडं खरवडून खडूची पांढरी रेघ, आणि तिच्या कडेला सोनं. पांढरं, तांबडं, सोनेरी हे तिन्ही शेजारी आले की सोन्याला ऊब येते, आणि चित्र इथल्या मातीतलं वाटतं. मला यापुढे याच वाटेने जायचं आहे.

आता मोठ्या कागदावर तुळशी वृंदावन घेते आहे. बारीक वळणावर रेघ खरवडताना खडूचे कपचे उडू नयेत म्हणून कोणतं हत्यार चांगलं, कुणी वापरलं असेल तर जरूर सांगा.