घराण्यात आहे का काही?

मागच्या नोव्हेंबरात तासगावच्या मावशीचा फोन आला. इथे सकाळचे साडेसहा, बाहेर मिट्ट अंधार आणि आमचा नेहमीचा पाऊस. तिकडे दुपारचे बारा, म्हणजे तिच्या भाकऱ्या उरकलेल्या. हॅलो वगैरे काही नाही, थेट विषयावर. "अगं तू ते वेडाच्या जीन्सचं काम करतीस न्हवं? मग एक सांग. आपल्या सोनूला स्थळ आलंय, मुलगा पुण्यात कंपनीत आहे, घरचा द्राक्षमळा आहे, माणसं पण चांगली आहेत, पण कुणीतरी कानावर घातलंय की मुलाचा चुलता डोक्यानं हललेला आहे, गोळ्या चालू आहेत म्हणे. हे रक्तातनं येतं का? हो का नाय एवढंच सांग."

हो का नाय! मी म्हटलं मावशी रविवारी करते फोन, आत्ता बस पकडायचीय. तर मधले तीन दिवस डोक्यात हेच चाललं होतं म्हणून हे लिहायला बसले, कारण घरच्यांना अजूनही नीट माहीत नाही की मी इथे करते काय.

मी कार्डिफला असते, वेल्सच्या राजधानीत. इथल्या युनिव्हर्सिटीत मनोविकारांच्या जनुकांवर काम करणारं मोठं सेंटर आहे, तिथे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची रिसर्चची नोकरी. आईला वाटतं मी पांढरा कोट घालून उंदरांना इंजेक्शनं देते. खरं सांगायचं तर पाच वर्षांत पिपेट, म्हणजे लॅबमधली थेंब मोजायची नळी, हातात घेतलेलं नाही. दोन स्क्रीन, त्यातल्या एकावर काळी खिडकी, त्यात मी कमांड टाइप करते, ती युनिव्हर्सिटीच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मोठ्या कॉम्प्युटरांवर, जाते आणि रांगेत उभी राहते, रेशनच्या दुकानासारखी. रात्री जॉब लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघायचं तर तो दुसऱ्याच मिनिटाला बंद पडलेला, कारण फाइलच्या नावात एक अंडरस्कोअर कमी. अर्धं रिसर्च हेच आहे, कुणी सांगत नाही.

बाकीचं अर्धं म्हणजे मोजणी. माणसाच्या डीएनएत साधारण ३०० कोटी अक्षरं, त्यातली बहुतेक तुमची माझी सेम. जिथे माणसामाणसांत फरक पडतो अशा लाखो जागा घ्यायच्या आणि बघायचं की स्किझोफ्रेनिया (भास होतात, भलत्या समजुती पक्क्या होतात तो आजार) असलेल्या लोकांत एखादं अक्षर बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त वेळा दिसतं का. योगायोगाने पण दिसू शकतं ना, म्हणून नियम कडक. एरवी शंभरात पाचची चूक चालवून घेतात, आमच्यात एका वेळी दहा लाख चाचण्या केल्यासारखं धरतात म्हणून दशांश चिन्हानंतर सात शून्यं आणि मग पाच, इतकी कमी शक्यता असेल तरच म्हणायचं की हो, इथे काहीतरी आहे. त्यासाठी माणसं लागतात, प्रचंड. एका गावाची, एका देशाची पुरत नाहीत, म्हणून २००७ पासून जगभरातले गट आपापला डेटा एकत्र करतात. २०१४ मध्ये अशा १०८ जागा सापडल्या. २०२२ मध्ये, ७६ हजारांवर पेशंट झाल्यावर, २८७. हे दोन्ही पेपर कार्डिफच्याच लोकांच्या पुढाकाराने झाले, मी तेव्हा इथे नव्हते, त्यामुळे उगाच श्रेय घेत नाही.

आता ही माणसं येतात कुठून, हे मला स्वतःला फार भारी वाटतं. क्लोझापिन म्हणून एक औषध आहे, बाकीच्या गोळ्यांनी ज्यांना फरक पडत नाही त्यांना देतात. काम चांगलं करतं, पण काही जणांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात, म्हणून यूकेत बरीच वर्षं नियम होता की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, मग वर्ष होईपर्यंत पंधरवड्याला, मग दर महिन्याला. म्हणजे नळ्याच नळ्या. तर इथल्या लोकांनी ते तपासून उरलेलं रक्त नाव-पत्ता काढून टाकून संशोधनासाठी मिळवलं आणि त्यातून डीएनए काढला, क्लोझयूके नाव त्या संग्रहाचं, २०१८ च्या पेपरात त्यातले ११ हजारांवर पेशंट होते. एरवी जे सिंकमध्ये गेलं असतं ते! आपल्या आज्ज्या ताकाचं भांडं विसळून ते पाणी पण आमटीत घालायच्या, त्याची आठवण येते.

इथे आल्यावर पहिलं काम मिळालं ते डेटा निवडायचं. धान्य निवडतो तसंच. कागदावर पुरुष आणि क्रोमोझोम (गुणसूत्रं) बघितले तर बाई, म्हणजे नळ्या अदलाबदल झाल्या, काढा. दोन सॅम्पल हुबेहूब सारखी, म्हणजे जुळं तरी किंवा एकच माणूस दोनदा, एक काढा. मग सगळ्यांचा एक नकाशा काढतात, ज्यांचे पूर्वज एका भागातले ते ठिपके जवळजवळ पडतात. मधे युरोपियन लोकांचा मोठा पुंजका आणि बाजूला लांब शेपटासारखे थोडे ठिपके, आपल्याकडचे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश. हे ठिपके पण काढायचे, कारण वेगवेगळ्या वंशाचे लोक एकत्र मोजले तर खोटे फरक दिसायला लागतात. शास्त्र म्हणून बरोबरच आहे, मीच शिकवते आता नव्या पोरांना. पण पहिल्यांदा ती एक ओळ टाइप करून एंटर दाबलं आणि स्क्रीनवर आलं की इतकी इतकी माणसं वगळली, तेव्हा मी उठून चहा करायला गेले. माझं रक्त दिलं असतं तर मी पण त्याच यादीत गेले असते ना. आता या वगळलेल्यांचं वेगळं विश्लेषण करायला सुरुवात झालीय, आणि आपल्याकडे चेन्नईला, बेंगळुरूला निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत काम चालू आहे, पण संख्या तुलनेत खूप कमी. त्यामुळे डीएनएवरून कुणाला आजाराचा धोका किती ते सांगणारे जे स्कोअर निघतात ते युरोपियनांवर जेवढे चालतात तेवढे आपल्यावर चालत नाहीत. कुणी पैसे घेऊन असला रिपोर्ट काढून देत असेल तर जरा सावध.

(पैशांवरून आठवलं. व्हिसा. तीन वर्षांचं काँट्रॅक्ट, ग्रँट संपली की तुम्ही संपलात, आणि व्हिसाबरोबर भरायचा नुसता हेल्थ सरचार्ज २०२४ मध्ये वर्षाला १,०३५ पाउंड झाला, तो पण सगळ्या वर्षांचा एकदम आगाऊ. जाऊ दे, तो विषय काढला तर हे पोस्ट संपणार नाही.)

मावशीच्या प्रश्नाकडे येते. रक्तातनं येतं का? चुलत्याला स्किझोफ्रेनियाच आहे असं धरलं तर हो, येतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की कुणाला हा आजार होतो आणि कुणाला नाही, या फरकात जनुकांचा वाटा मोठा आहे, ८० टक्क्यांच्या आसपास सांगतात. पण हुबेहूब जुळी भावंडं, सगळा डीएनए सारखा, त्यातल्या एकाला झाला तरी निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्याला होत नाही. आणि त्या २८७ जागांपैकी बहुतेक एकेक जागा धोका वाढवते ती किंचित, आणि ती अक्षरं तुमच्या माझ्या सगळ्यांत थोडीथोडी असतातच. ज्या घरात "आमच्याकडे असलं काही नाही हो" म्हणतात त्या घरात पण ढिगाने असतात.

त्याहून गंमत म्हणजे सगळ्यात मोठा माहीत असलेला धोका, बाविसाव्या क्रोमोझोमचा एक छोटा तुकडाच गायब असणं. साधारण चार हजार जन्मांत एकाला असतं आणि त्यातल्या चारातल्या एकाला पुढे स्किझोफ्रेनिया होतो. पण दहातल्या नऊ वेळा तो तुकडा आईत पण गायब नसतो आणि बापात पण नसतो, तो त्या मुलातच नव्याने गळलेला असतो. म्हणजे शंभर टक्के जनुकांतला मामला आणि घराण्यात शोधाल तर काही नाही! खरं तर बहुतेक पेशंटच्या आईबापांना, भावंडांना हा आजार नसतोच.

आकडे म्हणाल तर कुणालाही हा आजार होण्याची शक्यता शंभरात एक, आईला किंवा वडलांना असेल तर शंभरात दहाच्या आसपास, चुलत्याला असेल तर दोन ते चार. हा तक्ता पाठ आहे मला पण पटकन कुणाला सांगत नाही, कारण तो कुठून आला ते पण माहीत आहे. म्युनिकमध्ये एर्न्स्ट र्‍यूडिन नावाचा मानसोपचारतज्ज्ञ होता, त्याने १९१६ मध्ये पेशंटच्या भावंडांची पद्धतशीर मोजणी केली, आमच्या विषयाची सुरुवातच म्हणायची. पुढे १९३३ मध्ये नाझींनी सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्याच्यामागच्या लोकांत हा माणूस होता. यादीत स्किझोफ्रेनिया होता. सुमारे चार लाख लोकांच्या नसबंद्या केल्या आणि नंतर तर हॉस्पिटलांतले पेशंट मारूनच टाकले. नंतरच्या लोकांनी ही मोजणी पुन्हा केली, चांगल्या हेतूने, पण "घराण्यात आहे का" हा प्रश्न कुणी विचारला की माझ्या पोटात जरा ढवळतंच.

आणि तरी हाच प्रश्न मी इथे अगदी उलटा ऐकलाय. मर्थर टिडव्हिल म्हणून गाव आहे, कार्डिफपासून ट्रेनने तासाभरावर, एके काळी लोखंड आणि कोळसा, आता बंद दुकानं जास्त. तिथल्या एका हॉलमध्ये आम्ही लोकांना कामाची माहिती द्यायला गेलो होतो, चहा, वेल्श केक, प्लास्टिकच्या खुर्च्या, तीसेक माणसं. माझी स्लाइड झाली आणि ऐंशीच्या घरातली एक बाई मागून चहाचा कप धरूनच पुढे आली. तिचा मुलगा विशीत आजारी पडला, तेव्हा डॉक्टरांनी तिला विचारलं होतं की लहानपणी तुम्ही त्याला जवळ घ्यायचात का. बस, एवढंच विचारलं. एके काळी ही थिअरीच होती, १९४८ मध्ये फ्रिडा फ्रॉम-राइखमान या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी तसा शब्दच काढला होता, मुलाला स्किझोफ्रेनिया करणारी आई. थंड, ताबा ठेवणारी. पुरावा काही नाही. तर ही बाई चाळीस वर्षं मनातल्या मनात मोजत बसलेली, घेतलं होतं का जवळ, किती वेळा घेतलं. मला म्हणाली, म्हणजे हे रक्तातलं आहे ना? मी म्हटलं बरंचसं हो, आणि तुम्ही वाढवलंत त्याने हा आजार होत नाही. तिने कप खाली ठेवला आणि माझे दोन्ही हात धरले. मी तिला काय सांगणार होते की अहो, थांबा, प्रत्येक जागेचा परिणाम किंचित असतो वगैरे? गप्प बसले. परतीच्या ट्रेनमध्ये बाहेर काही दिसत नव्हतं, नुसत्या काचेवर रेघा पावसाच्या.

रविवारी मावशीला फोन केला. सगळं सांगितलं, जुळी, तुकडा, शंभरात एक. हे पण सांगितलं की मुलगा तिशीला आलाय, पुरुषांत हा आजार बहुतेक करून विशीच्या आगेमागे सुरू होतो, म्हणजे त्याचं तसं अवघड वय सरत आलंय, आणि सोनूच्या पोरांपर्यंत हिशोब केला तर तो चारचौघांच्या आकड्याच्या आसपासच जाऊन बसतो. मावशी हं हं करत होती. मग म्हणाली, "ते खरं गं, पण माणसं काय म्हणतील, जाणूनबुजून असल्या घरात पोरगी दिली."

आता हे लिहू का नको असं झालं होतं, पण आईने लिही म्हटलं. आमच्या आजोळी बापूआबा होते, आजोबांचे धाकटे भाऊ. परसातल्या खोलीत असायचे, एकटेच बोलायचे, आम्हा पोरांना शेंगा सोलून द्यायचे. त्यांना बाहेरचं झालंय म्हणून आधी देवऋषी झाले, मग मिरजेला नेऊन शॉक दिले, मग काहीच नाही. पाहुणे येणार असले की त्यांना मळ्यातल्या वस्तीवर पाठवायचे. मी म्हटलं, "मावशी, तुला बघायला आले होते त्या दिवशी बापूआबा कुठे होते?"

बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेंज गेली.

"वस्तीवर," मावशी म्हणाली. "दोन दिवस. माझ्या सासरी अजून माहीत नाही." मग म्हणाली, "हळदीचं ताट मी दिलं होतं गं पाठवून." मग आम्ही दोघी थोडा वेळ द्राक्षांच्या छाटणीबद्दल आणि अवकाळीबद्दल बोललो.

मधे सोनूचा मेसेज आला की ताई, मुलगा भेटला, चुलत्याचं त्याने स्वतःच आधी सांगितलं, डॉक्टरकडे पण तोच घेऊन जातो म्हणे महिन्याला, मला आवडला. मी तीन हार्ट पाठवले. आणि काल परत साडेसहाला फोन. मी झोपेतच म्हटलं बोल मावशी, ठरलं का?

"ठरलं असतं गं, त्या चुलत्याचं आता काही नाही, मी तुझ्या काकांना पण समजावलं, शंभरात एक आणि ते सगळं. पण पत्रिका बघितली तर एक नाड निघाली दोघांची. आता एक नाड म्हणजे रक्ताचंच काहीतरी असतं ना? तुझ्या त्या मशीनवर बघता येईल का?"