ओशन प्लॅस्टिकच्या वस्तू घेताना मी काय तपासते

समुद्रातल्या प्लॅस्टिकपासून बनवल्याचं सांगणाऱ्या पिशवीवर लाटेचं किंवा कासवाचं चित्र दिसलं की मी ती आधी उलटी करते आणि आतल्या शिलाईतली पट्टी वाचते. दर्शनी बाजूला असते ती जाहिरात. टक्केवारी, कच्चा माल आणि प्रमाणपत्राचा क्रमांक, दिलाच असेल तर, या पट्टीवर किंवा खोक्याच्या बुडाशी सापडतो. ऑनलाइन घेताना फोटोंमध्ये ही पट्टी नसेल तर विक्रेत्याकडून तिचा फोटो मागवते. तो मिळेपर्यंत पैसे भरत नाही.

पहिला प्रश्न, माल आला कुठून? लेबलवर ‘ओशन’ एवढंच असलं तरी त्यामागे निरनिराळे स्रोत असतात. भर समुद्रातून काढलेलं प्लॅस्टिक दुकानापर्यंत क्वचितच येतं. द ओशन क्लीनअप या संस्थेने 2020 मध्ये पॅसिफिकमधल्या कचऱ्यापासून गॉगल काढले, त्यांची किंमत 199 डॉलर होती. किनाऱ्यावरून वेचलेलं प्लॅस्टिक हा दुसरा स्रोत, आणि मच्छीमारांची निकामी जाळी हा तिसरा. चौथा, आणि बाजारात सर्रास दिसणारा, म्हणजे ‘ओशन बाउंड’. हे प्लॅस्टिक समुद्रात गेलेलंच नसतं. किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आत, जिथे कचरा नीट उचलला जात नाही तिथून ते गोळा केलेलं असतं. हा 50 किलोमीटरचा पट्टा 2015 साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासातून रूढ झाला. 2010 मध्ये किनारी देशांमधून 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेलं, असा त्याचा अंदाज होता. आपल्याकडे अंतर लावून पाहा: ठाणे, पनवेल, भिवंडी सगळं या पट्ट्यात येतं. भिवंडीतल्या नाल्याकाठी उचललेली बाटलीही या हिशेबात बसू शकते.

यात फसवणूक आहे असं मी मानत नाही. बाटली खाडीत जाण्याआधी उचलणं स्वस्त पडतं आणि मालही चांगला निघतो. पण मग खोक्यावर व्हेल नको आणि भर समुद्रातून काढल्याची किंमतही नको.

दुसरा प्रश्न टक्क्यांचा, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. सीक्वाल या स्पॅनिश उपक्रमाच्या धाग्याचं उदाहरण घेऊ. त्यात साधारण 10 टक्के समुद्री प्लॅस्टिक असतं, बाकीचं जमिनीवरच्या पेट जातीच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचं. कंपनी हे लपवत नाही. आता 200 ग्रॅमचा टी-शर्ट धरा, निम्मा सुती, निम्मा या धाग्याचा. धागा झाला 100 ग्रॅम, त्यात समुद्री प्लॅस्टिक 10 ग्रॅम, म्हणजे अख्ख्या टी-शर्टात 5 टक्के. दुकानातला फलक मात्र ‘समुद्री प्लॅस्टिकचा टी-शर्ट’ एवढंच सांगतो.

टक्का कमी असण्याला तांत्रिक कारण आहे. उन्हात आणि लाटांच्या माऱ्यात प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटतात. अशा प्लॅस्टिकचा दाणा (वितळवण्यासाठी केलेले बारीक तुकडे) वितळवून धागा ओढला तर तो तुटतो, आणि साच्यात घालून मोल्डिंग केलं तर वस्तू ठिसूळ निघते. म्हणून त्यात चांगला दाणा मिसळावाच लागतो. ‘शंभर टक्के किनाऱ्यावरचं प्लॅस्टिक’ असा दावा करणारी पातळ, लवचीक वस्तू दिसली की मी जास्त प्रश्न विचारते. जाड पाट, कुंडी, बाक अशा वस्तूंमध्ये ते जमू शकतं.

नायलॉनच्या जाळ्यांचं गणित वेगळं आहे. इटलीची अ‍ॅक्वाफिल कंपनी स्लोव्हेनियातल्या कारखान्यात जुनं नायलॉन-6 रासायनिक पद्धतीने पार कॅप्रोलॅक्टमपर्यंत, म्हणजे ज्यापासून नायलॉन बनतं त्या मूळ रसायनापर्यंत, मोडते आणि त्यापासून पुन्हा नायलॉन बनवते. त्याला इकोनिल म्हणतात. दर्जा नव्या नायलॉनइतकाच असल्याने पोहण्याच्या पोशाखात ते खूप वापरलं जातं. मात्र त्याचा कच्चा माल फक्त जाळी नाही, जुने गालिचे आणि कारखान्यांतला टाकाऊ मालही त्यात असतो. म्हणजे इकोनिल लिहिलं म्हणून जाळीच असतील असं नाही. ब्युरेओ या कंपनीचं नेटप्लस मात्र जाळ्यांपासूनच बनतं. त्यांनी चिलीत सुरुवात केली.

तिसरी गोष्ट कागदपत्रं. जीआरएस, म्हणजे ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड, हे प्रमाणपत्र 20 टक्के पुनर्वापरित मालावर मिळतं, पण वस्तूवर त्याचं चिन्ह लावायला किमान 50 टक्के लागतात. आरसीएस, म्हणजे रिसायकल्ड क्लेम स्टँडर्ड, 5 टक्क्यांपासून सुरू होतं. दोन्हींत समुद्राचा संबंध नाही. माल ‘पुनर्वापरित’ आहे एवढंच ती सांगतात. किनारपट्टीच्या दाव्यासाठी झीरो प्लॅस्टिक ओशन्स या संस्थेचं वेगळं ओबीपी, म्हणजे ओशन बाउंड प्लॅस्टिक, प्रमाणपत्र असतं. विक्रेत्याला मेल करताना मी मोघम ‘सर्टिफिकेट आहे का’ असं विचारत नाही. स्कोप सर्टिफिकेटचा क्रमांक मागते, त्याची मुदत बघते आणि त्या मालाचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट आहे का ते विचारते. पहिलं सांगतं की कंपनी असा माल बनवू शकते, दुसरं सांगतं की हा माल तसा आहे. एका विक्रेत्याने उत्तरादाखल बीच सफाईचे फोटो पाठवले होते. तिथे व्यवहार थांबतो.

सोबत आणखी एक प्रश्न हवाच: टक्केवारी कोणत्या भागाची? टूथब्रशचा दांडा जाळ्यांचा आणि केस नव्या नायलॉनचे, बॅगचं कापड पुनर्वापरित आणि अस्तर, चेन, पट्टे नवे, असं अनेकदा असतं. ‘प्रत्येक खरेदीमागे एक किलो प्लॅस्टिक काढतो’ ही तर वेगळीच योजना. त्यात सफाईला पैसे जातात, हातातली वस्तू व्हर्जिन, म्हणजे कोऱ्या नव्या मालाचीही असू शकते.

वस्तू हातात आली की साधी तपासणी. कंगवा घ्या. मिश्र भंगाराचा दाणा बहुधा राखाडी, काळपट किंवा हिरवट निघतो, जवळून पाहिलं तर बारीक ठिपके दिसतात. पांढराशुभ्र कंगवा असेल तर विचारावं. दात अंगठ्याने हलकेच वाकवा. वाकल्या जागी पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर दात लवकर तुटणार. साच्याच्या जोडावर धारदार कड राहिली असेल तर केस ओढले जातात. करपट वास म्हणजे दाणा बनवताना उष्णता जास्त झाली.

मग पाण्याची परीक्षा. भांड्यात पाणी, साबणाचा एक थेंब, म्हणजे बुडबुडे चिकटून वस्तू उगाच तरंगत नाही. एचडीपीई (जाड पॉलिथिन) आणि पीपी (पॉलिप्रोपिलीन) तरंगतात, नायलॉन आणि पेट बुडतात. ‘जाळ्यांपासून’ म्हणून घेतलेला कंगवा तरंगला तर लगेच खोटं ठरवू नका. तंगूस आणि वावरी ही मासे अडकवायची जाळी नायलॉनची असली तरी आपल्याकडची ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायची जाळी बहुतेक एचडीपीईची असतात आणि दोर पीपीचे. लेबलवर ‘नायलॉन’ लिहिलेलं असताना वस्तू तरंगली तर मात्र शंका घ्यावी. त्रिकोणातला आकडाही जुळवून बघा: 1 पेट, 2 एचडीपीई, 5 पीपी, 7 इतर, ज्यात नायलॉन येतं.

डबे, पाण्याच्या बाटल्या आणि चॉपिंग बोर्ड मी या मालाचे घेत नाही. समुद्रातलं प्लॅस्टिक पाण्यातली पीसीबी, डीडीटीसारखी विषारी रसायनं शोषून घेतं. 2016 च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी तयार खाद्यपदार्थांसाठी पुनर्वापरित प्लॅस्टिकला मनाई केली होती. 2021 च्या दुरुस्तीनंतर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या निकषांवर वाट उघडली, ती मुख्यतः पेटसाठी. बादली, कचऱ्याचा डबा, पायपुसणं, पिशवी खुशाल घ्यावी. गॅलरीत उन्हात राहणारी बादली असेल तर काळी निवडा. काळ्या रंगातला कार्बन ब्लॅक उन्हापासून प्लॅस्टिकचं रक्षण करतो.

कपड्यांत फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ, केसाळ कापड टाळते, कारण धुताना त्यातून बारीक तंतू सुटतात आणि सांडपाण्यावाटे पुन्हा समुद्राकडे जातात. गुळगुळीत, घट्ट विणीचं कापड बरं. धुणं थंड पाण्यात, मशीन भरून. पोहण्याचा पोशाख क्लोरीनच्या पाण्यातून आला की लगेच साध्या पाण्यात खळबळून, न पिळता सावलीत वाळवायचा.

दावा खोटा वाटला तर बिल, लेबलचा फोटो आणि विक्रीपानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. तो दावा पानावरून कधीही गायब होऊ शकतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यावरणाचे दावे करणाऱ्याला आधार दाखवावा लागतो. आधी विक्रेत्याला लेखी विचारा, उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

आणि घेतानाच वस्तू निकामी झाल्यावर तिचं काय होणार तेही बघून घ्या. अख्खी एचडीपीई किंवा पीपीची वस्तू भंगारवाला वजनावर नेतो. सुती-पॉलिस्टर मिश्र कापड, रबर चिकटवलेलं पायपुसणं किंवा लाकडी मुठीला डिंकाने जोडलेला ब्रश तो घेत नाही. जिथे पर्याय असेल तिथे मी स्क्रूने जोडलेली वस्तू घेते.