आज लिहिताना जाणवलेलं

आज लेखनाच्या तासाला सरांनी विषयच दिला नाही. "जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते लिहा," एवढंच म्हणाले. माझ्या पेनातून आधी उतरलं, 'आजी गेली आणि घरावर दुःखाचा डोंगर कोसळला.' वाक्य व्याकरणात चोख, पण ते कुणाच्याही आजीचं असू शकलं असतं. मग त्याखाली लिहिलं, 'तिच्या चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा तेलकट झालाय, आणि तो चष्मा कपाटातून काढायला घरात कुणी धजत नाही.' इथे मात्र घशात आवंढा आला.

प्रामाणिक लेखन म्हणजे मनात येईल ते भडाभडा ओतणं, हे मला पटत नाही. अ‍ॅन फ्रँक या, दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहताना डायरी लिहिणाऱ्या ज्यू मुलीनं मार्च १९४४ मध्ये रेडिओवर ऐकलं, की युद्ध संपल्यावर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं जमवली जाणार आहेत. मे महिन्यात, चौदा वर्षांची असताना, तिनं आपलीच डायरी नव्यानं लिहायला घेतली. काही मजकूर गाळला, काही वाढवला, माणसांसाठी टोपणनावंही ठरवली. तिचा खरेपणा त्यानं तसूभरही कमी झाला नाही. खरं सांगायलाही मेहनत लागतेच ना!

वाचून दाखवायचं की नाही, हे सरांनी आमच्यावर सोडलं. त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. मार्क मिळणार म्हटलं की आपण लगेच शहाण्यासारखं लिहायला लागतो. मी वर्गात वाचलं नाही. आधी आईला दाखवणार आहे, कारण ही आठवण तिचीही आहे.