भुरीचं काय करता?

"औषध मारत नाही? मग भुरीचं काय करता?"

ग्लास ओठाला लावायच्या आधीच मामांनी विचारलं. (भुरी म्हणजे द्राक्षवेलीवरचा पांढऱ्या बुरशीचा रोग.) नाशिकजवळची वायनरी, शेनिन ब्लां नावाची थंडगार सेंद्रिय पांढरी वाइन, आणि निफाडला ३० वर्षं द्राक्षबाग केलेले मामा.

पेरू, लिंबाच्या सालीचा वास वगैरे सांगणारा पोरगा गडबडला. "गंधक चालतं, काका. मोरचूद-चुन्याचं बोर्डोपण, थोडं."

"अरे, मग तेच तर आमचे आण्णा मारायचे!"

चीजकडे ढुंकून पाहिलं नाही. मामीच्या डब्यातली कोथिंबीर वडी काढली. एक घास, एक घोट. वाइनच्या आंबटपणानं तळणीचा तेलकटपणा साफ धुतला. (मला वडीच जास्त आवडली, ते सोडा.)

परतताना मामा गप्प. पिंपळगाव टोलला एकदम म्हणाले, "आण्णांच्या मालाला कुणी दोन पैसे जास्त दिले असते का रे?"